म्हैस मळकी नव्हती, काळूराम

तू गेलास त्या आठवड्यात सलग तीन दिवस मी चंद्रीला धुतलं नाही. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अंगात ताप असतानाही मी उल्हास नदीवर गेलोय, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिची पाठ घासलीय, आणि तू काठावर बिडी ओढत बसून माझ्या चुका काढल्यास. "कानामागं बघ, गोचीड तिथंच बसतान. तू म्हस धुतंस कं टिकली लावतंस?" लोकांना वाटलं असेल, मित्राच्या दुःखात बिचारा म्हैस धुवायची विसरला. तसं काही नव्हतं. मी रागाने धुतली नाही. राग तुझ्यावर होता आणि तू हाती लागणार नव्हतास, तेव्हा तो मुक्या जनावरावर निघाला. उद्या तुझा दहावा. चार माणसं तुझ्याबद्दल चांगलं बोलतील आणि मलाही दोन शब्द बोल म्हणतील. तिथे माझ्याने बोलवणार नाही, म्हणून आज इथे बोलून घेतो.

आपली ओळख अंबरनाथच्या कारखान्यातली. तू बदलापूरच्या पुढे नदीकाठचा आगरी, भातशेती आणि गोठा सांभाळून पाळीला येणारा. मी विठ्ठलवाडीच्या चाळीतला. तुझ्या भिंतीवर एकवीरा आई, माझ्या भिंतीवर बुद्ध. सतरा वर्षं आपण एका बाकावर जेवलो. सुमनने केलेली सुकटीची चटणी माझ्याआधी तू संपवायचास आणि वर म्हणायचास, "वहिनीला सांग, उद्या जरा जास्ती टाक, तुना पुरत नाय." मला पुरायची नाही, कारण तू खायचास. त्या डब्याची मी आज आठवण काढतोय ती उगाच नाही. माझ्या ताटातलं खाताना तुझा हात कधी अडखळला नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून तर पुढचं माझ्या डोक्यात शिरत नाही.

कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. या वयात कोण नोकरी देतो? तूच म्हणालास की म्हैस घे. विठ्ठलवाडीची खोली विकायला लावलीस, तुझ्या गावाशेजारी वांगणीकडच्या रस्त्याला दोन खोल्या आणि मागे मोकळी जागा बघून दिलीस, आणि एका सकाळी माझ्याबरोबर येऊन चंद्री पसंत केलीस. तिच्या तोंडात हात घालून दात बघितलेस, शिंगांवरची वळी मोजलीस, कपाळावरचा पांढरा ठिपका अंगठ्याने घासून खरा आहे का तेही बघितलंस. मी हसलो तर म्हणालास, "हसू नको. लोका रंग पन लावतान." फसवणूक कशी ओळखायची ते तू मला पहिल्याच दिवशी शिकवलंस. फक्त म्हशीतली शिकवलीस.

पहिल्या महिन्यात मी स्वतः सायकलवर बदलापूरला दूध घालायला जात होतो. तुझ्याच ओळखीची अकरा घरं होती, जुन्या इमारतीतली आणि तिच्या मागच्या चाळीतली. "गौतम माझा मित्र हाय, दूध चोख देल," एवढं तू सांगून ठेवलं होतंस. पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग कुणीतरी विचारलं असेल, गौतम म्हणजे कोण, आडनाव काय, राहतो कुठे. मला कुणी तोंडावर काही बोललं नाही. एकीने सांगितलं, मुलाला म्हशीचं पचत नाही. दुसरीने पिशवीचं सुरू केलं. तिसरी दारच उघडेना. महिना संपेपर्यंत किटली जशीच्या तशी भरलेली घेऊन मी परत यायला लागलो, आणि सुमन त्या दुधाचं काय करायचं म्हणून दही लावायला लागली.

मी तुझ्याकडे आलो. तू गोठ्यात शेण ओढत होतास. मी म्हटलं, "काळ्या, माझ्या दुधात काय खोट आहे?" तू फावडं भिंतीला टेकवलंस. मग म्हणालास, "दुधात खोट नाय रं. तुझी म्हस मलकी दिसते. रस्त्यावरून जाता-येता लोका गोठा बघतान. चिखलान माखलेली म्हस बघली कं त्यांना वाटतं, दूध पन तसाच."

मी विश्वास ठेवला. चाळीत वाढलेल्या माणसाला म्हशीतलं काय कळतं? तू सांगितलंस म्हणजे तसंच असणार. घरी येऊन पहिलं काय केलं ठाऊक आहे? सुमनवर ओरडलो. दुपारी म्हैस डबक्यात तीच सोडायची. ती म्हणाली, "अहो, चिखलाने काय होतंय? अंगावर चिखल वाळला की माशा चावत नाहीत, म्हशीचं औषधच आहे ते. माझ्या आईकडे म्हशी अशाच बसायच्या. म्हशीचं काही नाही हो यात." शेवटचं वाक्य ती अगदी हळू बोलली आणि माझ्याकडे न बघता बोलली. मी म्हटलं, तुला अक्कल नाही. हे वाक्य मी आठ वर्षांत किती वेळा म्हटलं असेन, काळूराम! चंद्रीच्या अंगावर चिखलाचा ठिपका दिसला की माझी जीभ सुटायची. तुझ्या एका थापेचा मार माझ्या बायकोने आठ वर्षं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तू मला नदीवर नेलंस आणि म्हैस धुवायला शिकवलंस. ते मात्र असं शिकवलंस की तुला मानलं पाहिजे. आधी नुसतं पाण्यात बसू द्यायचं, घाई करायची नाही. म्हशीला घाम फारसा येत नाही, तिची काळी कातडी ऊन पिते, ते ऊन आधी उतरू द्यायचं. मग पेंढ्याच्या चुंबळीने मानेपासून मागे घासत जायचं. पोटाखाली, जांघेत, शेपटीच्या गोंड्यात, खुरांच्या बेचक्यात हात घालायचा. "डोल्यानं नको बघू, हातानं बघ. जखम हाताला पयली कलते." उन्हाळ्यात अंगावरचे केस भादरून टाकायचे म्हणजे उवांना लपायला जागा राहत नाही, आणि मग करंजाचं तेल चोळायचं. धार काढायच्या आधी कास कोमट पाण्याने धुवायची. त्याने दूध स्वच्छ राहतं आणि म्हशीलाही कळतं की आपलं माणूस आलंय, मग ती पान्हा सोडते. एवढी कारणं तू मला सांगितलीस आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. खोटं होतं ते फक्त मला धुवायला का लावलंस याचं कारण.

मग एक दिवस सहज बोलल्यासारखं म्हणालास, "तू कशाला सायकल मारतंस? मी जाताव ना एम-एटीवरनं. तुझी किटली मी नेतो." मला उलट बरं वाटलं. रोज पहाटे तू माझ्या दारात यायचास, माझी किटली तुझ्या कॅनमध्ये रिकामी करायचास आणि निघून जायचास. महिन्याचा हिशोब न मागता द्यायचास, त्यात कधी एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. एकदा मी विचारलं, "आता घेतात ना सगळे माझं दूध?" तू गाडीला किक मारत म्हणालास, "घेतान तं! चंद्री आता आरशासारखी दिसते." त्या दिवशी मी नदीवर तिला दोनदा धुतलं. इतका मूर्ख मी दुसरा बघितला नाही.

खरं तर कोडं माझ्या समोरच पडलेलं होतं. तुझ्या म्हशी दिवसभर चिखलात बसलेल्या असायच्या. पाठीवर पापुद्रे धरलेले असायचे, आणि तू त्यांना दोन-तीन दिवसांनी कधीतरी धुवायचास. मी एकदा म्हणालोही, "मला रोज धुवायला लावतोस आणि स्वतःच्या बघ." तू हसला नाहीस. एरवी असल्या बोलण्यावर तू दहा शिव्या हासडल्या असत्यास. त्या दिवशी नुसतं म्हणालास, "माज्या म्हशी लोकांना म्हाईत हायत." मी ते वाक्य घेऊन घरी आलो, जेवलो आणि झोपलो. आता ते वाक्य मला झोपू देत नाही.

तुझं सगळंच मी विसरलोय असं समजू नकोस. महापूर आला त्या दुपारी नदीचं पाणी गोठ्यांपर्यंत चढलं, तेव्हा तू आधी माझ्या गोठ्यात शिरलास. मी कल्याणला अडकलो होतो. सुमन सांगते, छातीएवढ्या पाण्यातून तू चंद्री आणि तिची मोठी झालेली पारडी, दोघींचे दोर कापून त्यांना टेकाडावर चढवलंस, आणि मग स्वतःच्या गोठ्याकडे पळालास. तोवर तुझं एक पारडू गेलं होतं. नंतर मी तुझ्या पाया पडायला वाकलो तर मला वेड्यात काढून ढकललंस. "येरा झालास कं? म्हस तुझी कं माझी, एकच." मी ते खरं मानलं. माझ्यासाठी पुरात उडी घेणारा माणूस माझं नाव घ्यायला कशाला घाबरेल?

तू गेलास ते असंच, शेतावरून येऊन ओट्यावर बसला होतास आणि छातीत कळ आली. पहिले तीन दिवस दूध गावातच वाटलं. चौथ्या दिवशी जनीवहिनी म्हणाली, "भावजी, दुधाची घरा तुटतील. तुम्ही जाल कं?" मी तुझी एम-एटी काढली, तुझा कॅन बांधला आणि डोक्याला तुझ्यासारखाच पंचा गुंडाळून बदलापूरला गेलो. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तर डोळ्याला पदर लावला. आठ वर्षांपूर्वी याच दारात मी पंधरा दिवस उभा राहिलो होतो, पण त्यांनी मला ओळखलं नाही. म्हणाल्या, "फार सचोटीचा माणूस. मध्ये एकदा त्याने कुणा दुसऱ्याला पाठवलं होतं, त्यांच्यातला होता हो तो. आम्ही बंदच केलं. पण काळूराम स्वतः आला, देवाची शपथ घेतली, की यापुढे फक्त माझ्या गोठ्यातलंच दूध देईन, त्याचं थेंबभर मिसळणार नाही. आणि शब्द पाळला हो त्याने." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण? त्याचा गडी का?"

मी "हो" म्हणालो.

तुझ्यावर रागावण्याआधी मला हे सांगून टाकायला हवं. मी हो म्हणालो, त्यांच्या पातेल्यात दूध ओतलं आणि जिना उतरलो. त्या दुधात निम्मं चंद्रीचं होतं.

घरी येऊन सुमनला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं." मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बोलले होते. तुम्ही म्हणालात, तुला अक्कल नाही." तू असतास तर तुझी गचांडी धरली असती. तुला मारलं असतं, काळूराम, खरंच मारलं असतं, आणि मग आपण दोघं ओट्यावर बसून रडलो असतो. तेवढंही तू ठेवलं नाहीस.

मी जनीवहिनीकडे गेलो. नवरा जाऊन चार दिवस झालेल्या बाईला जाब विचारायला जाऊ नये, हे मला कळत होतं. तरी गेलो. ती म्हणाली, "मना सगला म्हाईत होता, भावजी. ते बोलायचं, गौत्याला कललं तं तो किटली नदीत ओतल न् उपाशी मरल, पन असा दूध इकनार नाय. रोज बोलायचं, उद्या सांगतो. रोज." मग आत जाऊन तिने एक तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला. "ह्या तांब्यान ते रोज तुमच्या किटलीतला दूध काढून ठेवायचं, कॅनमधी टाकाच्या आधी. घरात आमी तुमचाच पितो. पोरीच्या बालंतपनात पन तिला तुमचाच दिला. ते बोलायचं, चंद्रीचा दूध चांगला."

वहिनीला वाटलं, हे ऐकून माझा राग निवेल. तिच्यासमोर मी मान हलवली. पण वाटेत येताना मला ते जास्तच लागलं. घराच्या आत तू माझं दूध प्यायलास, आणि दुसऱ्याच्या दारात माझं नाव गिळलंस. देवाची शपथ घेऊन गिळलंस. माझं घर चालावं म्हणून केलंस हेही मला मान्य आहे, घर चाललं, मुलगी शिकली. पण मी भिकारी होतो का रे? मला विचारायचं तरी होतंस. तू ठरवून टाकलंस की गौतमला खरं झेपणार नाही. सतरा वर्षं शेजारी बसून जेवलास आणि मला एवढंच ओळखलंस.

हे सगळं कळल्यावर मी तिला धुतलं नाही, त्या तीन दिवसांत चंद्रीची दशा झाली. चैत्राचं ऊन, तिचे केसही भादरायला झाले होते. माशांनी जीव नकोसा केला तिचा. खुंट्याला बांधलेल्या जागी ती शेपटी आपटत उभी राहायची आणि रोजच्या वेळेला नदीच्या बाजूला तोंड करून हंबरायची. तिसऱ्या दिवशी धारेला बसलो तर तिने पान्हाच चोरला. कास घट्ट आणि किटलीत दोन भांडी दूध. सुमन मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माणसांचं माणसांशी बघा. तिचा काय गुन्हा?"

मी तिला नदीवर नेलं. चुंबळ नेली नाही, तेल नेलं नाही. ती पाण्यात जाऊन बसली आणि डोळे मिटले. मी हाताने तिची पाठ ओली करत राहिलो. कानामागे दोन गोचिडी सापडल्या, त्या काढल्या. मग ती उठली आणि सवयीने माझ्याकडे वळली, घासून घ्यायला. मी बाजूला झालो. काठाला जिथे तुझ्या म्हशी बसायच्या तिथला चिखल मऊ होता. ती थोडी घुटमळली, मग त्यात शिरली आणि अशी लोळली की मला हसू आलं. शिंगांपर्यंत माखली. कपाळावरचा ठिपकासुद्धा दिसेना. आठ वर्षं मी तिला ज्याच्यापासून अडवलं ते तिने एका दुपारी वसूल केलं. तशीच तिला रस्त्यावरून चालवत घरी आणली. सुमनने दारातून बघितलं आणि तिच्यापुढे पेंड ठेवली.

काल सकाळी कास तेवढी कोमट पाण्याने धुतली, धार काढली. पान्हा भरभरून आला. वहिनीचं दूध तुझ्या कॅनमध्ये ठेवलं आणि माझं माझ्या किटलीत, वेगळं. डोक्याला पंचा बांधला नाही. प्रत्येक दारात सांगितलं, "मी गौतम. आठ वर्षं तुम्ही घेताय त्यात निम्मं दूध माझ्या म्हशीचं होतं. आजपासून माझी किटली वेगळी आहे. कुणाचं हवं ते सांगा." काळूराम, ऐक. बहुतेकांनी घेतलं. दुसऱ्या मजल्यावरची नोकरीवाली बाई तर म्हणाली, "काका, कुठलंही द्या, पण लवकर द्या, माझी गाडी चुकेल." चाळीतल्या एका म्हाताऱ्याने चव घेऊन अर्धा लिटर वाढवून मागितलं. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी तू मला लपवलंस, त्यातल्या कितीकांना काही पडलेलंच नव्हतं.

काकूंचं दार मी शेवटी ठेवलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि या वेळी ओळखलं. मी म्हटलं, "म्हैस बघायला या हवं तर. सध्या चिखलात लोळलेली आहे." त्या पातेलं घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं, आपटलं नाही, हळूच लावलं.

मला वाटलं होतं मी कोसळेन. तसं काही झालं नाही. आठ वर्षं ज्या दाराला तू घाबरलास ते लागायला एक क्षण पुरला, आणि मी उभाच होतो. तू मला सांगायला हवं होतंस रे. हे दार तेव्हाही असंच लागलं असतं, पण तेव्हा माझ्या शेजारी तू उभा असतास. काल मी एकटाच जिना उतरलो.